शीव बांधली त्या दिवशी मराठीचा पेपर

१४ मे

नापास. तेही मराठीत.

गणितात पास, विज्ञानात पास, इंग्रजीतसुद्धा काठावर का होईना पास. आणि मराठीत नापास. निकाल दशरथने रेल्वेच्या केबिनपाशी उभं राहून मोबाइलवर बघितला, कारण आमच्या ठाकुरवाडीत तेवढ्या एका जागी नेटवर्क येतं. नवऱ्याचं नाव मी तोंडाने घेत नाही, पण माझ्या वहीत लिहायला कुणाची चोरी आहे? त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि डोंगराकडे बघत राहिला. तो ठेकेदाराकडे घाटातल्या रुळांवर काम करतो. दरड आली तर ओरडायचं, एरवी गप्प राहायचं. कामही तेच आणि स्वभावही तोच.

संध्याकाळी तेल आणायला पळसदरीला उतरले, तर स्टेशनबाहेरचा टपरीवाला हसला. "मराठीत नापास? मग तू बोलतेस ते काय गं?"

मी म्हटलं, "आमच्या वाडीच्या बोलीत पेपर काढते, तुमी बसा. चहा उकळायच्या आत नापास व्हाल."

आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकले, मग लग्न झालं, मग आवडी झाली. यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून दहावी दिली. जूनमध्ये फेरपरीक्षा आहे. बसणार. टपरीवाल्याच्या नाकावर टिच्चून बसणार.

कर्जतच्या रुचिता मॅडम आमचा रविवारचा वर्ग घेतात. त्या म्हणतात, रोज दैनंदिनी लिहा, लेखन सुधारेल. त्यांना दाखवायची वही वेगळी आहे. तिच्यात मी पहाटे उठते, सूर्याला नमस्कार करते आणि निसर्ग बघून आनंदी होते. ही वही माझी आहे. वाडीतली माणसं इथे बोलतील ती खालच्या गावच्या माणसांसारखी, कारण आमची बोली लिहायला बसले तर मलाच उद्या वाचता यायची नाही.

१८ मे

मॅडमनी विचारलं, नक्की कुठे चुकलं? मला पेपर देऊन बाहेर पडतानाच आठवलं होतं, पण आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सारख्या दिसणाऱ्या क्रियापदांचा वाक्यात उपयोग करायचा होता. ‘चारणे’ला मी लिहिलं, ‘मी रोज बकऱ्या चोरते.’ पुढे ‘आई बाळाला प्रेमाने घास चिरते.’

मॅडम खुर्चीत मागे रेलून हसल्या. "सुरेखाताई, परीक्षकांनी पोलीस बोलावले नाहीत हेच नशीब समजा." सगळा वर्ग हसला. मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र राग आला. हसले कशाला मी?

चरणे, चारणे, चिरणे, चोरणे. चार भावंडं एकाच तोंडवळ्याची. एकाला हाक मारावी तर दुसराच वळून बघतो. मॅडमनी अशा शब्दांचा कागदभर ढीग दिला आहे आणि पाठ करा म्हणाल्या आहेत.

२१ मे

बालवाडीतून आवडी घरी आली आणि तांब्याभर पाणी घटाघट प्यायली. मग आणखी अर्धा. बाईंकडे पाणी का नाही मागितलंस विचारलं, तर मान खाली.

बाई खोपोलीहून येतात. वाईट नाहीत. पण त्यांचं बोलणं आवडीला कळत नाही आणि आवडीचं त्यांना. म्हणून माझी पोर तहानलेली बसून राहते. वाडीतली सगळीच पोरं तशी बसतात, आणि बाई म्हणतात की ठाकरांची मुलं फार शांत. शांत! घरी येऊन बघा म्हणावं.

त्या बाई ऑगस्टपासून यायच्या नाहीत. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचे लोक म्हणाले, वाडीतलीच कुणी दहावी पास असेल तर तिला घेऊ, नाहीतर परत खालून कुणीतरी पाठवू. वाडीत दहावीपर्यंत पोचलेली मी एकटी. म्हणजे माझ्या नापास होण्याने सगळी पोरं तहानलेली राहणार. हे वाक्य मोठं वाटतं, पण खरं आहे. मी पास होणार आणि ती बालवाडी घेणार.

२७ मे

पाठ होत नाही. सकाळी पाठ केलेलं दुपारी उडून जातं.

आज तांदूळ धुताना मात्र गंमत झाली. कागदावर होतं निवडणे, निवळणे, निथळणे, निवणे. मी तांदूळ सुपात घेऊन खडे निवडले. हंड्यातलं गढूळ पाणी निवळायला ठेवलं. धुतलेले तांदूळ टोपलीत निथळत ठेवले. भात झाल्यावर आवडीसाठी ताटलीत निववला. प्रत्येक काम करताना त्याचं नाव मोठ्याने म्हटलं. संध्याकाळी कागद न बघता चारही लिहिली, चारही बरोबर. हाताने केलेलं डोक्यातून जात नाही.

सासूला मात्र हे सहन होईना. सासूला मी आत्या म्हणते. तिचं नाव चिंधी, पण जीभ कोयत्याची. चुलीपाशी बसून म्हणाली, "मुकाट्यानं रांध की गं. भाताला कळतंय का तू काय बडबडतेस?"

मी आणखी मोठ्याने म्हटलं. "निथळणे!"

"निथळ, निथळ. डोस्कं उठवलंस माजं."

पण उठून गेली नाही. मला टोचून बोलायला मिळतं म्हणून बसून राहते.

२ जून

आजची जोडी: रुजणे आणि रुसणे. नाचणी रुजते, बाई रुसते. हे विसरायची सोय नाही, कारण गेल्या वर्षीची नागूची बायको डोळ्यांसमोर आहे.

दर वर्षी लावणी सुरू व्हायच्या आधी आमच्या वाडीत शीव बांधतात. वाडीच्या दोन्ही वाटांवर गवताचा दोर ताणून आंब्याची पानं अडकवायची. दोर बांधल्यापासून तो सुटेपर्यंत आतलं माणूस बाहेर नाही, बाहेरचं आत नाही. नांगर नाही, कोयता नाही. सगळ्यांनी घरी बसायचं आणि जमिनीला श्वास घेऊ द्यायचा. ओलांडलं तर त्या घराला त्या वर्षी सावड मिळत नाही, म्हणजे त्यांच्या लावणीला शेजारपाजारचं कुणी जात नाही. एकट्याने लावणी करून बघा, मग कळतं. दिवस ठरल्यावर टाळायला म्हणून आधीच निघून जाणं हेही ओलांडणंच.

सूट कुणाला? कामावर असलेल्याला, आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि रुसून गेलेल्या बाईला. भांडण होऊन घराबाहेर पडलेल्या बाईला शीव अडवत नाही, असा जुना नेम आहे. ज्याने हाकललं त्यानेच नारळ घेऊन तिला आणायला जायचं, हाही नेमच. गेल्या वर्षी नागूची बायको ऐन आदल्या दिवशी रुसून कुंभिवलीच्या माहेरी गेली. नागू दोर सुटल्यावर नारळ घेऊन गेला, आणि तिने त्याला हायवेच्या कडेला दुपारभर उभा ठेवला. वाडी वर्षभर हसते आहे.

आत्याला ही गोष्ट फार आवडते. आज परत सांगायला लावली.

९ जून

पडणे, पाडणे. गळणे, गाळणे. जळणे, जाळणे. एका कान्याने केवढा फरक पडतो! पहिल्यात आपोआप होतं, दुसऱ्यात कुणीतरी करतं. छप्पर गळतं, चहा मी गाळते. आंबा पडतो, पोरं पाडतात.

मी नापास झाले की मला केलं? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही फार विचार करता.

१५ जून

हॉल तिकीट आलं. फोटोत मी चोरासारखी दिसते, म्हणजे बकऱ्यांचं खरं निघालं. केंद्र कर्जत, मराठीचा पेपर २४ जूनला सकाळी.

घराला ओल आली आहे, म्हणून तिकीट कणगीत तांदळात खोल दडवून ठेवलं. तिथे उंदीर सोडून कुणी हात घालत नाही. आत्या दारातून बघत होती. "काय पुरतेस गं तिथं?" म्हणाली. मी म्हटलं, "माझं नशीब." तिने तोंड फिरवलं.

१९ जून

चांगो बाबाने शीव बांधायचा दिवस सांगितला. २४ जून. उजाडता बांधायची, २६ला उजाडता सोडायची.

चांगो बाबा म्हणजे माझा चुलत सासरा. शिवेचा दिवस त्याच्या घराण्याने ठरवायचा, ही पिढ्यांची रीत. रोपं हातभर झाली, आभाळ बघितलं, ठरवलं. त्याला बोर्डाचं वेळापत्रक काय माहीत?

समाजमंदिरापाशी सगळे बसले होते. मी उठून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी माजा पेपर हाय. एक दिवस पुढं घ्या."

तो म्हणाला, "रोपं थांबत नायत पोरी."

"मग मला कामावरच्या माणसासारखं जाऊ द्या."

"परीक्षा काम हाय का? पगार कोण देतंय?"

काही जण हसले. झालं. माझं डोकं फिरलं. "मग मी ओलांडणार," मी म्हटलं. "दोर तोडून जाणार. बघू कोण अडवतंय."

असं कुणी तोंडाने बोलत नाही आमच्यात. आत्याने कपाळावर हात मारला. गप्प राहिले असते तर काही वाट निघाली असती कदाचित. आता सगळ्यांच्या देखत बोलून बसले. पण बोलले ते बोलले, मागे घेणार नाही.

२० जून

दशरथ दरडीच्या पहाऱ्यावरून आला. आता तो २६पर्यंत केबिनवरच राहणार, म्हणजे त्याला शीव लागतच नाही. त्याची मजा आहे. भाकरी खाता खाता म्हणाला, "रुसून जा की दोन दिस. कोंडीकडं."

कोंडी माझी धाकटी बहीण. खोपोलीजवळ शिळफाट्याला खोली घेऊन राहते, बाजारात भाजी विकते.

मी म्हटलं, "मी नाही खोटं रुसणार. नागूची बायको खरी रुसली होती. मी परीक्षेला चालले आहे. चोरून कशाला जाऊ? मान वर करून जाईन."

"सावड?"

"नको मला सावड. मी एकटी लावीन सगळं."

"बरं," म्हणाला आणि आत्याकडे बघितलं. आत्या भाकरी थापत होती. एरवी दहा शब्द बोलली असती, आज एकही नाही. मायलेक एका बाजूला आणि मी एका बाजूला, हे मला कळत नाही असं थोडंच आहे?

खरं सांगायचं तर भीती वाटते. एकटीने लावणी होणार नाही. रोपं वाफ्यातच पिवळी पडतील आणि वर्षभर आवडीला विकतचा तांदूळ. पण पेपर सोडला तर ती बालवाडीत तहानलेली बसणार. दोन्हीकडे तीच पोर. मी पेपरला जाणार.

२२ जून

रविवारचा शेवटचा वर्ग. मॅडमनी सगळ्या जोड्या विचारल्या. ओढणे, ओढवणे. उपटणे, उपसणे. मळणे, माळणे. मी एकही चुकले नाही. मॅडम म्हणाल्या, "आता फक्त वेळेवर पोचा." त्यांना काय सांगणार?

परत आले तर आत्या चांगो बाबाच्या ओट्यावर बसून काहीतरी कुजबुजत होती. मला बघून दोघं गप्प झाले. माझ्या तक्रारी करायला ही इतक्या लांब गुडघे घासत जाते. घरात तिला खुर्चीवरून उठवत नाही.

२३ जून, शिळफाटा

मला घरातून हाकललं.

तरी आजचं पान लिहिणार. हाकणे आणि हाकलणे या जोडीत मला अडचण यायची. गुरांना वाटेला लावायचं ते हाकणे. नको झालेल्याला बाहेर काढायचं ते हाकलणे. आता कधी चुकणार नाही.

दुपारी पाण्याच्या टाकीपाशी सगळ्या बाया जमल्या होत्या. मी हंडा भरत होते. आत्या आली आणि एकदम सुरू झाली. भाकरी करपवली. बकरीला पाणी दाखवलं नाही. दिवसभर तोंडाचा पट्टा, भाताशी बोलते, सुपाशी बोलते, माणसाशी बोलत नाही. मी म्हटलं, भाकरी तू करपवलीस, मी नाही. खरंच तिनेच करपवली होती. सकाळी मुद्दाम करपवल्यासारखी तव्यावर सोडून दिली होती.

"उलट बोलतेस?" ती एवढ्या जोरात ओरडली की मोहाच्या झाडाखाली बसलेला चांगो बाबा उठून उभा राहिला. "नीघ माज्या घरातनं! आत्ताच्या आत्ता! तोंड दाखवू नको!"

आणि तिने काखेतलं गाठोडं माझ्यापुढे फेकलं. तयार बांधलेलं गाठोडं! किती दिवसांपासून मनात होतं बघा.

मी चांगो बाबाकडे बघितलं. म्हटलं, वडीलधारा माणूस आहे, काहीतरी बोलेल. तो विडी पेटवत म्हणाला, "सासू-सुनंच्या भांडणात देव पडत नाय. जाऊ दे तिला."

बायांपैकी एकही माझ्या बाजूने बोलली नाही. नागूची बायको तर म्हणाली, "पोर राहू दे हितंच, तू सूट. पाचची खोपोली गाडी मिळंल." आवडीसुद्धा रडली नाही. आजीचा पदर धरून माझ्याकडे टकामका बघत राहिली, पढवून ठेवल्यासारखी.

मी म्हटलं, "जाते. आणि परत येणार नाही." आत्या म्हणाली, "नकोच येऊ." पण तिचा आवाज तेव्हा बसला होता. ओरडून बसला असणार.

कोंडीने चहा दिला. गाठोडं सोडलं. पळसाच्या पानांत बांधलेल्या भाकऱ्या, चांगल्या दोन दिवस पुरतील एवढ्या. सुक्या बोंबलाची चटणी. कोरडं लुगडं. दोन नवी पेनं, ती दशरथने ठेवली असणार, तेवढं त्याला कळतं. आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळून माझं हॉल तिकीट.

कणगीतून उकरून काढलं होतं! म्हणजे माझा एक कागदसुद्धा तिला घरात नको होता.

कोंडीने ते सगळं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी विचारलं, "काय हसतेस?"

"काय नाय. भाकरी खा, ताई."

सख्खी बहीण, आणि माझ्या दुःखावर हसते.

२४ जून

पेपर दिला. कोंडीच्या घरून निघाले, खोपोलीहून गाडी, वेळेच्या बऱ्याच आधी कर्जतला. तिकडे वाडीत दोर बांधला असेल आणि मी दोराच्या बाहेर. काही तोडावं लागलं नाही. तोडायची तयारी करून बसले होते, त्यामुळे जरा चुकल्यासारखं वाटलं.

व्याकरणात मळणे आणि माळणे आलं, चरणे आणि चारणेही आलं. मी लिहिलं: ‘बकरी कुरणात चरते.’ ‘आजी नातीला घास चारते.’ चारते लिहून झाल्यावर तीनदा बघितलं. काना आहे, मात्रा नाही, कुणीही काही चोरत नाही.

निबंधात ‘माझ्या गावची एक प्रथा’ असा विषय होता. दुसरे विषय सोपे होते. तरी मी हाच घेतला. म्हटलं, आता लिहून काढते या शिवेचं एकेक उणंदुणं. पण लिहायला लागले तर भलतंच आलं. त्या दिवशी सगळी वाडी घरी असते. कोयते भिंतीला टांगलेले. म्हातारी माणसं गोष्टी सांगतात, कुणाची भांडणं मिटतात, रोपांना कुणी हात लावत नाही. मी पानं भरत गेले. मला तिथे असायला हवं होतं, असं शेवटी लिहिलं आणि डोळे भरून आले. मग वेळ संपली.

बाहेर मॅडम उभ्या होत्या. "कसा गेला?"

"बकऱ्या सुखरूप आहेत," मी म्हटलं.

२५ जून

दिवसभर कोंडीबरोबर बाजारात बसले. रानातली शेवळं आणि टाकळा विकला. घासाघीस करणाऱ्या एका बाईला नको तेवढं बोलले. कोंडी म्हणाली, "तुजी सासू शिरली काय गं तुज्या अंगात?"

आवडीची आठवण येते. आत्याची नाही.

२६ जून

दुपारी बाजारात कोंडीने मला कोपराने ढोसलं. बघते तर शिळफाट्याच्या गर्दीतून आत्या येते आहे. एका हातात नारळ, दुसऱ्या हाताला आवडी. पायात चपला नाहीत, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. या बाईने गेली कित्येक वर्षं घाट उतरलेला नाही. गुडघ्यांमुळे ती टाकीपर्यंतसुद्धा बसत बसत जाते.

ती समोर येऊन उभी राहिली. धाप लागली होती. नारळ माझ्यापुढे धरला.

मी हात पुढे केला नाही. "लावणीला माणूस कमी पडलं म्हणून आलीस ना?"

"हां," ती म्हणाली. "त्याच्यासाठीच. घे आता, हात दुखतोय."

"मला हाकललंस चारचौघांत."

"हाकललं."

"भाकरी तूच करपवली होतीस."

"मंग? तू कुठं करपवतेस? तू केलीस तं चांगली व्हते." आणि मग एकदम, बाजारातच, खालच्या आवाजात म्हणाली, "चरणे आलं व्हतं का गं पेपरात?"

"काय?" मी विचारलं.

"चरणे, चारणे, चिरणे, चोरणे," ती बोटांवर मोजत म्हणाली. "येवढं ऐकवलंस मला. आलं का नाय?"

"आलं."

"बरोबर लिवलंस?"

"लिवलं."

तिने नारळ माझ्या मांडीत टाकला आणि माझ्या शेजारी भाजीच्या पाट्यांत मटकन बसली. कोंडी आता उघड उघड हसत होती. आवडी म्हणाली, "आये, आजी सांगितली मला, रडलीस तं आये जायाची नाय. म्हणून मी नाय रडले. तू गेल्यावर आजीच रडली."

तेव्हा कळलं. एकदम सगळं. भाकऱ्या, पेनं, तिकीट, चांगो बाबाच्या ओट्यावरची कुजबुज, नागूच्या बायकोची पाचची गाडी. खोटं रुसणार नाही म्हणाले होते मी. म्हणून त्यांनी मला खरीखुरी रुसवली.

मी म्हटलं, "आधी सांगायचं ना!"

"सांगितलं अस्तं तं तू गेली अस्तीस? मान वर करून बसली अस्तीस दारात, दोर तोडाया. तुजी मान लई वर हाय. दोर गळ्यालाच लागला अस्ता."

परतीला पळसदरीपर्यंत गाडी. पुढे चढण. आत्या चार पावलं चढायची आणि बसायची. मी पाठीवर घेते म्हटलं, तर शिव्या घातल्या. वर पोचलो तेव्हा वाटेवर चांगो बाबा सुटलेला दोर गुंडाळत होता. रीत म्हणून त्याने विचारलं, "कोण कुणाला आणतंय?"

"मी हाकलली, मीच आणली," आत्या म्हणाली.

"या मंग." त्याने वाट सोडली. आम्ही चार पावलं पुढे गेलो, तेव्हा मागून त्याने हाक मारली. "सुरेखे, पेपर कसा गेला गं?"

टाकीपाशी बाया उभ्या होत्या. सगळ्या थांबून ऐकत होत्या. साऱ्या वाडीला माहीत होतं. एक मीच काय ती शहाणी.

मला राग आला. एवढ्या माणसांनी मिळून मला फसवलं. राग आला आणि रडूही आलं, आणि कुठलं आधी आलं ते सांगता येणार नाही. "चांगला गेला," मी ओरडूनच सांगितलं.

४ जुलै

लावणी झाली. सावडीला सगळी वाडी आली होती. आत्या बांधावर बसून सगळ्यांवर ओरडत होती. रोप उपटणे, गाळ उपसणे, असं मोठ्याने म्हणत मी वाफ्यात उतरले, तर माझ्या मागे नागूची बायको म्हणायला लागली, तिच्या मागे पोरं. चांगो बाबा म्हणाला, ही लावणी हाय का शाळा?

मी म्हटलं, दोन्ही.

२८ जुलै

पास.

दशरथने केबिनपाशी मोबाइल बघितला आणि दरड आल्यासारखा ओरडला. खालच्या रुळांवरचे गँगमन धावत आले बिचारे.

पळसदरीच्या टपरीवाल्याकडे मुद्दाम गेले. चहा मागितला. तो उकळेपर्यंत काही बोलले नाही. पैसे ठेवताना म्हटलं, "मराठीत सगळ्यात जास्त मार्क पडले." पडले की पाडले? हे मी पाडले. पण त्याला काय समजणार!

संस्थेच्या लोकांना फोन केला. पुढच्या सोमवारपासून बालवाडी माझी. पहिल्या दिवशी काय शिकवायचं ते ठरलं आहे. पाणी कसं मागायचं ते. आपल्या बोलीत आणि पुस्तकातल्या बोलीत, दोन्हीत.

आत्याला सांगायला घरात आले. ती नाचणी पाखडत होती. मी पाया पडले नाही. पडले असते तर तिने सूप मारलं असतं. समोर बसून म्हटलं, "आत्या, मी बारावीचापण फॉर्म भरणार हाय."

ती पाखडत राहिली. "कधी अस्तो पेपर?"

"माहीत नाय. पण शिवेच्या दिवशी आला तर?"

तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तं भांडू की," म्हणाली. "यंदा मी जरा हळूच भांडले व्हते."